नमदा आणि वही

वस्त्र म्हटलें कीं माग आठवतो. उभा ताणा, आडवा बाणा आणि धांवता धोटा. नमद्याला यांतील कांहींच लागत नाहीं. आपल्याकडील बुरणूस याच जातीचा. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि घर्षण मिळालें कीं ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहींत. अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथें गोठलेल्या थडग्यांत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचा भव्य चित्रित नमदा १९४९ सालीं सांपडला, तो अशाच जमलेल्या लोकरीचा.

या कामास लेखनाची जोड कां द्यावी? हात गुंतले म्हणजे मन मोकळें होतें. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांना हें ठाऊक होतें. ओवी तेथेंच सुचली. मात्र हात थांबले कीं सुचलेलें विरून जातें. म्हणून शेजारीं वही असावी.

आरंभास वीतभर तुकडा पुरे. धुतलेली, पिंजलेली खरी लोकर घ्यावी; कृत्रिम धागा असा जमत नाहीं. पातळ थर एकदां उभे, एकदां आडवे असे अंथरावे. प्रत्येक थरामागें वहींत एक वाक्य लिहावें: मनांत जें सुटें पडलें असेल तें, न दिलेलें उत्तर, न मागितलेली क्षमा. मग साबणाचें ऊन पाणी शिंपडून अगदीं अलगद चोळावें. आरंभींच जोर केला तर थर सरकतात आणि भोकें पडतात. ताज्या दुःखाचेंही तसेंच आहे. त्याविषयीं लिहिण्याची स्वतःवर सक्ती करूं नये.

थर धरूं लागले कीं तुकडा चटईंत गुंडाळून लाटावा. तो आटतो, पुष्कळदां तृतीयांशानेंही. पण जितका आटतो तितका बळकट होतो. तो वाळेपर्यंत वही वाचावी आणि तीही आटवावी. पानभर मजकुराचीं चार वाक्यें उरलीं तरी पुष्कळ झालें.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. वहींतील ओळ खोडतां येते. जमलेला नमदा उसवतां येत नाहीं. घडून गेलेलें बदलत नाहीं, हें बोटें नमद्यापासून शिकतात. त्याचा अर्थ कोणता लावावा हें अद्याप आपल्या हातीं आहे, हें वही शिकविते. दोन्ही धडे एकाच दुपारीं मिळावेत, एवढ्यासाठीं ही जोड.

तुकडा वांकडा झाला तरी चहाच्या किटलीखालीं खुशाल ठेवावा. वही कोणास दाखविण्याचें कारण नाहीं.