विशेष दलाची ताकद



कमांडो म्हटलं की पिळदार दंडाचा एकटा वीर डोळ्यांसमोर येतो. खऱ्या विशेष दलात एकट्याला जागाच नसते. लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसचं काम मूठभर जवानांच्या तुकडीवर चालतं. एक वायरलेस सांभाळतो, एक जखमीवर उपचार करतो, एक स्फोटकांचा जाणकार, एक वाट काढण्यात तरबेज. आणि प्रत्येकाला दुसऱ्याचंही काम थोडंबहुत यावंच लागतं, कारण वायरलेसवाला पडला म्हणून निरोप थांबून चालत नाही. इथे जवान स्वेच्छेने येतात आणि प्रोबेशनच्या महिन्यांत बहुतेक गळतात. शरीर कसलेलं हवंच, त्यात वाद नाही. पण वेगाने धावणारे पुष्कळ मिळतात. झोप नाही, पोटात अन्न नाही, अशा वेळी नकाशा बरोबर वाचणारा आणि सोबत्यावर न चिडणारा माणूस दुर्मीळ असतो. ती सगळी निवड त्याला शोधण्यासाठी असते.

अशा दलाला सर्वांत जास्त गरज असते मुलखाच्या आणि माणसांच्या ओळखीची, आणि याचा एक जुना दाखला आपल्या खानदेशातच आहे. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत आणि हिवतापात भिल्लांच्या बंडांपुढे कंपनी सरकारच्या नेहमीच्या पलटणी हतबल झाल्या, तेव्हा 1825 मध्ये कंपनीचा अधिकारी जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली. धरणगाव हे तिचं ठाणं. कवायत साहेबाची होती. पाणी कुठे, घाट कुठून, माग कुणाचा, हे ज्ञान मात्र आपल्या लोकांचं होतं. पुढे 1990 मध्ये पोलिस अधिकारी के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी सी-60 उभं राहिलं. ते पोलिसांचं दल, लष्कराचं नव्हे, पण घडण तीच: सुरुवातीला साठ जवान, आणि भर जिल्ह्यातल्याच तरुणांवर. गोंडी-माडिया बोलणारा जवान गावात शिरतो तेव्हा त्याला दुभाषा लागत नाही. म्हातारीच्या उत्तरातलं भय आणि थाप यांतला फरक त्याला कळतो. कुठल्याही दुर्बिणीतून ते दिसत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. आदिवासीच्या हाती बंदूक देऊन त्याला आदिवासीवरच सोडायचं, हा कुठला न्याय? आउट्रमच्या पलटणीबाबत हा आरोप खराच आहे. ती परक्या राज्याच्या सोयीसाठी होती. सेंधव्याच्या घाटावर कंपनीसाठी वर्षानुवर्षं पहारा देणारे भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांनी 1857 मध्ये त्याच कंपनीविरुद्ध शस्त्र उचललं. आजचं दल संविधानाला आणि न्यायालयाला बांधील आहे, हा मोठा फरक आहे. मात्र तो कागदावर राहून भागत नाही. ज्या गावाची भाषा दलाला हवी, त्या गावाला रस्ता, दवाखाना आणि न्यायही मिळायला हवा. गावाशी असं नातं जोडू पाहणारे एक अधिकारी म्हणजे साताऱ्याच्या पोगरवाडीचे, 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचे कर्नल संतोष महाडिक.  काश्मीरमधल्या कुपवाड्यात राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनचं नेतृत्व करताना त्यांनी तिथल्या तरुणांना खेळ आणि पर्यटनाकडे वळवण्याचे प्रयत्न केले. 17 नोव्हेंबर 2015 रोजी ते चकमकीत धारातीर्थी पडले. अतिरेक्यांशी लढणं आणि गावकऱ्यांशी नातं जोडणं ही त्यांनी दोन वेगळी कामं मानली नव्हती, असं मला वाटतं.

म्हणून भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: पळाच. पण पावरी, मावची, भिली, कोकणी बोलायला लाजू नका. दुसऱ्या मुलखात नेमणूक झाली तर या बोली तिथे चालणार नाहीत, हे खरं. तरी दोन-तीन भाषांत वाढलेल्याला चौथी लवकर येते, आणि डोंगर वाचायची सवय कुठल्याही डोंगरात कामी येते. प्राचार्यांनाही एक विनंती. येत्या वर्षी भूगोल विभागाने विद्यार्थ्यांकडून सातपुड्यातल्या अक्राणी भागातल्या एका खोऱ्याचा नकाशा काढून घ्यावा: पायवाटा, उन्हाळ्यात टिकणारे झरे, पावसाळ्यात बंद होणारे नाले. ठिकाणांची नावं तिथले लोक घेतात तशीच लिहावीत, आणि ती विचारायला मुलांनी आजी-आजोबांकडे जावं.