शाळेचं वर्तमानपत्र
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मराठी पत्रकारितेवर बोलायचं म्हटलं की ६ जानेवारी १८३२ आणि बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' इथून सुरुवात होते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी तुम्हाला अमळनेरला नेणार आहे, मुलांच्या वसतिगृहात.

१९२४ साली पांडुरंग सदाशिव साने तिथल्या शाळेत शिक्षक झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. वसतिगृहाची जबाबदारी अंगावर आल्यावर गुरुजींनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. दैनिक, आणि तेही हाताने लिहिलेलं! दिवसभर शिकवायचं, मुलांचं दुखलंखुपलं पाहायचं आणि वर रोजचा अंक लिहायचा. १९२८ साली 'विद्यार्थी' मासिक आलं, १९३८ मध्ये 'काँग्रेस' साप्ताहिक, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना'. 'श्यामची आई'मुळे लेखक गुरुजी घराघरांत पोचले, पण संपादक गुरुजींकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही. 'साधने'ची मुळं मला त्या वसतिगृहातल्या दैनिकात दिसतात. त्याचा वाचक शेजारच्या खोलीत झोपत होता. खोटं किंवा उगाच फुगवलेलं काही लिहिलं असतं, तर पंगतीला बसताना त्याच मुलांच्या नजरेला नजर द्यावी लागली असती.

शाळेच्या अंकातून पत्रकार घडतो तो यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. छापलेलं नाव पाहून हुरूप येतो, पण तो ओसरतो. वाचक समोर उभा राहून जाब विचारू शकतो, ही जाणीव मात्र जन्मभर पुरते.

माझंही तसंच झालं. आमच्या शाळेत सायक्लोस्टाइलवर काढलेला दोन पानी अंक निघायचा. स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची, रूळ फिरवायचा, आणि बोटांची शाई पुढे चार दिवस जायची नाही. मी लिहून दिलं होतं : 'पाण्याच्या टाकीचे नळ बंद आहेत.' मराठीच्या बाईंनी कागद परत हातात ठेवला. "किती नळ बंद आहेत? कधीपासून? शिपाईमामांना विचारलंस का?" मी जाऊन एकेक नळ फिरवून पाहिला. आठपैकी पाच कोरडे. मामा म्हणाले, "पोरं मोडतात म्हणून सगळे ओरडतात, पण आतले वायसर झिजलेत. ऑफिसात अर्ज देऊन ठेवलाय, जूनपासून." बातमी तिथेच बदलली. तक्रार मुलांवर होती, ती अर्जावर आली. अंक निघाला त्या दिवशी मधल्या सुट्टीत दहावीची मुलं टाकीपाशी नळ मोजायला गेली. आकडा जुळला. नळ दुरुस्त व्हायला दिवाळी उजाडली, ते सोडा. पण मी लिहिलेलं कुणी पडताळून पाहतं आणि ते खरं निघतं, यातला आनंद मला त्या दिवशी कळला. या व्यवसायात आलो तो त्याच ओढीने.

शाळकरी मुलं कुठवर जाऊ शकतात, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅन्सस राज्यातल्या पिट्सबर्ग इथल्या हायस्कूलमध्ये मुलांचं 'बूस्टर रिडक्स' नावाचं वर्तमानपत्र आहे. २०१७ साली तिथे नव्या मुख्याध्यापिकांची नेमणूक झाली. मुलांनी त्यांच्या पदव्यांची माहिती तपासायला घेतली, तर ज्या विद्यापीठाचं नाव होतं त्याची मान्यताच कुठे सापडेना. मुलांनी तसं छापलं. थोड्याच दिवसांत, रुजू होण्याआधीच, मुख्याध्यापिकांनी राजीनामा दिला. मुलांना हे छापता आलं, कारण विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा कायदा त्या राज्यात १९९२ पासून आहे. सगळ्या अमेरिकेत तशी स्थिती नाही. मिसुरीतल्या हेझलवूडच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांच्या अंकातली दोन पानं काढून टाकली होती. त्यांत किशोरवयातलं गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरचे लेख होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडे पानं काढायची वेळच येत नाही, कारण वार्षिक अंकात बातमीच नसते. संस्थाचालकांची छायाचित्रं, मनोगतं, गुणवंतांची यादी, आणि शिक्षकांनी सुधारून गुळगुळीत केलेले निबंध. छपाई सुरेख, कागद उत्तम. पण गेल्या वर्षभरात त्या शाळेत काय घडलं, हे तो अंक वाचून कुणालाही कळणार नाही. मुलांना लिहिता येत नाही असं नाही. त्यांना विचारू दिलं जात नाही.

या सभागृहात शिक्षक आहेत, काही मुख्याध्यापकही दिसताहेत. तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. येत्या जूनपासून महिन्याला एक पान मुलांच्या स्वाधीन करा. ते फळ्यावर लावा, झेरॉक्स काढा, कसंही करा. पोषण आहार, खेळाचं मैदान, स्वच्छतागृह, एसटीची वेळ, या विषयांवर त्यांना चौकशी करू द्या. आकडा चुकला तर तो दुरुस्त करायला लावा. आणि आकडा बरोबर असून तुम्हाला अडचणीचा असेल, तरीही ते पान उतरवू नका.