मधमाशीची मजुरी

मधमाशी नाहीशी झाल्यावर माणसाची काय गत होईल याचे भयचित्र रंगविणाऱ्या कादंबऱ्या अलीकडे आवडीने वाचल्या जातात. माया लुंडे या नॉर्वेजियन लेखिकेची २०१५ सालची 'द हिस्ट्री ऑफ बीज' ही त्यांपैकी गाजलेली. तिच्यातील २०९८ सालच्या चीनमध्ये मधमाशी उरलेली नाही. ताओ नावाची मजूर स्त्री झाडावर चढून दिवसभर एकेका फुलावर परागकण टेकविते, आणि मुलांनाही कोवळ्या वयातच या कामाला जुंपले जाते.

वाचक हळहळतो तो मधमाशीसाठी. परंतु कादंबरीचे मर्म ताओच्या हातांत आहे. मधमाशी गेली म्हणून तिचे काम थांबत नाही. ते कोणाच्या तरी गळ्यात पडते. कोणाच्या, हे काही निसर्ग ठरवीत नाही.

यासाठी २०९८ ची वाट पाहावयास नको. सिचुआन प्रांतातील फळबागांत माणसे कुंचल्याने परागीभवन करीत आलीच आहेत. मजुरी वाढू लागली तेव्हा ते मालकांना परवडेनासे झाले. भारतात १९७० नंतर संकरित कापूस आला. त्याच्या बियाण्यासाठी फुलातील पुंकेसर खुडून दुसऱ्या वाणाचा पराग हातानेच लावावा लागतो. तेथे मधमाशी मेली नव्हती, हे खरे. पण काम तेच, आणि ते बहुतांशी बायका व लहान मुली करीत आल्या. त्यांचे हात नाजूक असतात, असे कारण सांगण्यात येई. ते स्वस्तही असतात, हे सांगण्यात येत नसे.

आता चाकणकडे वळू. मोटारींच्या कारखान्यांपूर्वी हे गाव कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध होते, आजही आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून डेंगळ्याच्या गोंड्यात बी भरावयाचे तर या फुलावरून त्या फुलावर जाणारा कीटक हवाच. ही मेहनत कोणाच्याही जमाखर्चात कधी लिहिली गेली नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था ही दोन्ही १९६२ सालची. पहिलीचे फलक पिंपरीपासून चाकणपर्यंत दिसतात. दुसरीचे नाव किती कामगारांनी ऐकले असेल?

जमीन संपादनात बांधावरच्या बाभळी-करंजांची किंमत होते ती लाकडाच्या भावाने. त्यांच्या फुलोऱ्याला भाव नाही. कारखान्याच्या इमारतीला आग्या मोहोळ लागले की कंत्राटदार धूर करून ते उतरवितो. उरलेल्या एकर-दोन एकरांत पीक बुडू नये म्हणून शेतकरी ऐन फुलोऱ्यात औषध मारतो. त्या एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल.

चाकणच्या कंत्राटी कामगाराची आई आज कांदा काढणीला जाते. उद्या ती गोंड्यावर पराग टेकवावयास गेली, तर तिचा रोज कोण ठरविणार? शेतमजूर आणि कारखान्यांच्या संघटनांनी हा प्रश्न एकत्र बसून आताच हाती घ्यावा. आणि त्याआधी, फुलोऱ्यातील फवारणी थांबविण्याची व बांधावरची झाडे राखण्याची मागणी ग्रामसभेपुढे न्यावी.