परदेशस्थांचे गावचे घर : दुरुस्ती आणि राखण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाने आम्हांस बोलावयास दिलेला विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची मुलेबाळे आज दुबई, लंडन, न्यू जर्सी, सिडनी अशा दूरच्या ठिकाणी स्थायिक झाली आहेत. आणि कोकणातील वडिलार्जित घर हे त्यांचे वर्षातून दोन-तीन आठवडे येऊन राहावयाचे सुटीचे घर झाले आहे. जे घर आजोबांना साऱ्या जगाचा मध्य वाटे, ते नातवाच्या हिशेबी परदेशातील एक मालमत्ता आहे. हा पालट सुखाचा की दुःखाचा, याचा खल आज आम्ही करणार नाही. घर टिकावे कसे, एवढाच आमच्यापुढे प्रश्न आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे की, गावची घरे पैशावाचून जितकी पडतात, त्याहून अधिक ती उघडणाऱ्या माणसावाचून पडतात. म्हणून दुरुस्तीचा पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी बारा महिने हे घर उघडणार कोण, याचा निर्णय झाला पाहिजे.

बंद घर का पडते, हे प्रथम पाहू. रत्नागिरीकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या पावसात वानराच्या उडीने वा माडाच्या झावळीने एक कौल सरकले, तर नांदत्या घरात त्याच रात्री ठिबक लागते, खाली घंगाळ ठेवले जाते आणि उघडीप पडताच कौल जागेवर बसते. बंद घरात तेच पाणी चार महिने एकाच वाश्यावर पडत राहते. प्रथम रीप कुजते, मग वासा, मग तुळई. आणि पुढच्या वर्षी छपराचा तेवढा भाग खाली येतो. वाळवीचेही तसेच. तिच्या मातीच्या वाटा भिंतीवर स्पष्ट दिसतात. आठवड्यातून एकदा केरसुणी फिरली, तरी त्या मोडतात व ध्यानी येतात. पूर्वी चुलीचा धूर आढ्यापर्यंत जाई, त्याने लाकूड कोरडे राही व किडीस आळा बसे. रोजचा वावर हीच घराची निम्मी डागडुजी होती. ती करणारी माणसे गेली, आणि हे काम आपोआप होत होते हेच आपण विसरलो.

आता दुरुस्तीकडे वळू. परदेशस्थ मालक डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येतो आणि तेवढ्यात सर्व काम उरकावे अशी त्याची इच्छा असते. ती समजण्यासारखी आहे, परंतु बांधकाम सुटीच्या मापाने चालत नाही. कोकणात कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो व पावसापूर्वी संपतो. गवंडी व सुतार त्याच महिन्यांत सर्वांनाच हवे असतात. तेव्हा एका वर्षी छप्पर, दुसऱ्या वर्षी भिंती व जमीन, तिसऱ्या वर्षी न्हाणीघर व वीज, अशी वाटणी करणे शहाणपणाचे. छप्पर आधी, कारण गळत्या छपराखाली केलेले सारे काम वाया जाते.

चिऱ्याच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा जाड गिलावा देण्याचा मोह आवरावा. मातीत वा चुन्यात बांधलेली जांभ्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा गिलावा अशा भिंतीस मानवतो. कौलांच्या बाबतीतही सावध असावे. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे अनेक कारखान्यांची कौले कोकणात आली. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असे नाही. म्हणून उतरविलेली धड कौले विकू नयेत. शे-दोनशे कौलांची थप्पी मागील पडवीत राखून ठेवावी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कौलांची आणि पत्र्यांची, दोन्ही छपरे उडाली. वादळानंतर कौले मिळेनाशी होतात. ज्याच्या पडवीत थप्पी, त्याचे घर आधी झाकले जाते.

मुलांना व नातवंडांना घरात शौचकूप लागणार, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान ६० फूट दूर असावा, आणि ती विहीर आपली असो वा शेजाऱ्याची. जुनी वीजजोडणी पूर्ण बदलून घ्यावी व अर्थिंग तपासून घ्यावे. भ्रमणध्वनीवर कामाची छायाचित्रे येतात, ही मोठी सोय आहे; मात्र पाठविणारा जे दाखवील तेच आपणांस दिसते. म्हणून नळ व तारा भिंतीत बुजविण्यापूर्वीचे छायाचित्र मागावे, आणि पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. आणि झालेल्या कामाचे पैसे थकवूही नयेत. गवंड्याचीही चूल रोज पेटावी लागते.

तिसरी गोष्ट कागदांची. घर वडिलांच्या वा आजोबांच्याच नावावर, आणि वारस सात, अशी अवस्था आपल्याकडे सर्रास आढळते. वारसनोंद करून घ्यावी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. गावठाणातील घरांसाठी २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली असून, तिच्यात ड्रोनने मोजणी करून मिळकतपत्रिका देण्यात येतात; आपल्या गावची मोजणी झाली असल्यास त्या पत्रिकेवर कोणाची नावे लागली, हे पाहावे. परदेशस्थ भारतीयास शेतजमीन विकत घेता येत नाही, परंतु वारसाने आलेली त्यास ठेवता येते. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे मुद्रांकित करून घ्यावे लागते. ते तसेच कपाटात राहिले की ऐन वेळी अडचण होते. आणि एका भावाने स्वखर्चाने दुरुस्ती केली म्हणून घर त्याचे एकट्याचे होत नाही. खर्च कोणी किती केला व तो पुढे कसा फिटावयाचा, हे काम सुरू होण्यापूर्वी सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे. भावाभावांत लेखी व्यवहार कसला, असे म्हणणाऱ्यांचीच भांडणे पुढे कोर्टात जातात.

आता मुख्य मुद्दा, राखणीचा. शेजारच्या घरी किल्ली देऊन, ‘जरा लक्ष असू द्या’ असे सांगून विमानतळ गाठणे म्हणजे व्यवस्था नव्हे. ती शेजारधर्मावर टाकलेली वेठ आहे. त्याहून जड गोष्ट आम्ही स्पष्टच बोलतो. पुष्कळ घरांत मागे एक वृद्ध काकू किंवा आत्या राहिलेली असते, आणि परदेशस्थ मंडळी निर्धास्त असतात, कारण ‘घरात माणूस आहे’. पंचाहत्तरीच्या बाईने वीज गेली तर वायरमनला बोलवावे, कौले पाहावीत, पाहुण्यांची अंथरुणे काढावीत, आणि हे सर्व आपले माणूस म्हणून फुकट करावे, ही अपेक्षा शोभणारी नाही. ती आपल्या घराची राखणदार नव्हे. ते घर तिचे आहे. तिच्या सोबतीस पगारी माणूस ठेवावा.

त्यास किती पैसे लागतील? गणितासाठी काही आकडे धरू. सात वारसांनी दरमहा प्रत्येकी २,००० रुपये काढले, तर वर्षाचे १,६८,००० होतात. घर उघडून झाडणाऱ्या माणसास दरमहा ६,००० दिले, तर ७२,००० गेले. उरलेल्या ९६,००० मधून दर वर्षी पावसापूर्वीची शाकारणी, वाळवीचे औषध, घरपट्टी व वीजबिल भागवून जे राहील ते मोठ्या दुरुस्तीसाठी शिल्लक टाकावे. आकडे आपापल्या गावच्या दराने बदला. परंतु वर्गणी ठरलेली, माणूस ठरलेला आणि त्याच्या कामाची यादी लिहिलेली, या तीन गोष्टी बदलू नका.

काही कुटुंबे घर पर्यटकांस भाड्याने देतात. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे. तीत नोंदणी करून रीतसर व्यवहार करावा. भाड्याच्या उत्पन्नावर भारतात प्राप्तिकर लागू होतो, मालक परदेशी असला तरीही. परदेशी नागरिक मुक्कामास राहिल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारास कळवावी लागते. पाहुण्यांमुळे घर उघडे राहते, हा मोठाच लाभ आहे. मात्र देवघराची खोली व गणपतीचे दिवस भाड्यातून वगळावेत, आणि मे महिन्याचे दिवस वारसांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यावेत, म्हणजे एकाच आठवड्यात तीन बिऱ्हाडे उतरणार नाहीत.

एवढे करूनही ज्या घरास बारा महिने कोणी उघडणारा मिळत नाही, त्याचे काय? आमचे उत्तर कित्येकांस कटू वाटेल. असे घर छप्पर शाबूत आहे तोवरच गावात राहणाऱ्या एखाद्या भाऊबंदास द्यावे, भाडेकरारावर शिक्षकास वा परिचारिकेस द्यावे, अथवा विकावे. घर दुसऱ्याच्या हाती नांदले, तर पूर्वजांचा अपमान होत नाही. त्यांनी ते माणसांनी राहावे म्हणून बांधले होते.

मंडळास आमची एक सूचना आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी, जुने सुतार आणि विश्वासू राखणदार यांची तालुकावार यादी मंडळाने तयार करावी व दर वर्षी ती नवी करावी. कुटुंबांनी येत्या दिवाळीपूर्वी आपली भावंडे एकत्र बोलवावीत, प्रत्यक्ष न जमल्यास दूरध्वनीवर, आणि कागद, वर्गणी व माणूस या तीनच गोष्टी ठरवाव्यात. रंग कोणता आणि फरशी कोणती, हे मागाहून ठरले तरी चालेल.