बंद राहिलेल्या मोटारीची ठिणगी कशी तपासाल?



गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी अँबॅसडर काही गावांत अजून दिसते. या गाडीचे उत्पादन १९५८ ते २०१४ पर्यंत चालले. ती पुन्हा चालू करायची म्हटली की सल्ला मिळतो, "कॉईल गेली, नवी घाला." पैसे जातात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून आधी दोष शोधा, मग खरेदी करा.

आपला हात ट्रॅक्टरवर बसलेला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, पेट्रोल इंजिनाला लागते. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोचले नाही, तर आपण मुखापासून पाट बघत जातो. इथेही तसेच करायचे. आजची माहिती पॉइंट असलेल्या १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनाची आहे.

पूर्वतयारी : टाकीतले आंबलेले पेट्रोल काढून लांब ठेवा. विडी-काडी नको, मुले जवळ नकोत. गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढा. प्लगच्या वायरींवर खुणा करून प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि हँडलने इंजिन हळूहळू फिरवा. मग प्लग साफ करून, ०.०२५ इंच फट ठेवून परत बसवा.

१. बॅटरी : १२ व्होल्टची, चार्ज केलेली हवी. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढा. फार जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते. ते पाहूनच जोडणी करा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही बघा.

२. कॉईल : १२ व्होल्टच्या छोट्या बल्बला दोन वायरी जोडा. एक बॉडीला, दुसरी कॉईलच्या स्विचकडील टोकाला लावा. चावी फिरवल्यावर बल्ब लागला पाहिजे. नाही लागला, तर दोष स्विचमध्ये किंवा वायरीत आहे.

३. पॉइंट : आता बल्ब कॉईलच्या दुसऱ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला लावा आणि हँडल फिरवायला सांगा. बल्ब लागत-विझत राहिला तर ठीक. सतत लागून राहिला, तर पॉइंट गंजलेत किंवा मिटत नाहीत. मुळीच लागला नाही, तर तिथली बारीक वायर सोडवा. आता लागला तर कॉईलचा हा भाग शाबूत आहे, दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे. तरीही लागला नाही, तरच कॉईल आतून तुटली समजा.

बहुतेकदा दोष पॉइंटवरच्या थराचा असतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, कोऱ्या कागदाने पुसा आणि पॉइंट पूर्ण उघडे असताना फट ०.०१५ इंच ठेवा.

४. ठिणगी : डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातली मधली जाड वायर काढा. कोरड्या लाकडी चिमट्याने धरून टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवा आणि इंजिन फिरवा. हात लावू नका, झटका जबर असतो. निळी, कडक ठिणगी आली तर उत्तम. पिवळी, मलूल आली आणि पॉइंटवरही ठिणग्या उडाल्या, तर कंडेन्सर बदला. इथे ठिणगी चांगली पण प्लगवर नाही, तर टोपणाला तडा, ओल किंवा खराब रोटर शोधा. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२ असतो.

चावी उगाच चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉईल तापते, बॅटरी उतरते.

प्लगवर ठिणगी चांगली असूनही इंजिन घेत नसेल, तर विजेचा नाद सोडा आणि पेट्रोलची नळी, कार्बुरेटर पाहा. गाडी चालू झाली तरी ब्रेक तपासल्याशिवाय आणि नोंदणी, विमा पाहिल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

खिशात हात घालण्याआधी बल्ब लावून बघा, एवढेच सांगणे.