उनकेश्वरचे उष्णोदक



कैलास-मानससरोवराचे यात्रेकरू तिबेटात तीर्थपुरीस उष्णोदकाने स्नान करितात, असे वाचले की आम्हांस आपले उनकेश्वर आठवते. देवणीहून उदगीर, नांदेड करीत किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी गेले की ते कुंड लागते. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. श्रीरामांनी बाण मारून हे पाणी काढिले व शरभंग ऋषींचा त्वचारोग गेला, अशी तेथील कथा. म्हणून कुष्ठी माणसे दूरदुरून येत आली. आम्हीही तेथे स्नान केले आहे. शीण खरोखर उतरतो.

परंतु कुष्ठाचा जंतू स्नानाने मरत नाही. त्यावर १९८२ पासून बहुविध औषधोपचार आहे. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. तरी आपल्या घरांतून बधिर चट्टा सोयरीक मोडेल म्हणून झाकितात, अन् यात्रेच्या निमित्ताने मुलीस गुपचूप कुंडावर नेतात. तोवर बोटे वाकतात. मग झाकणार काय? कुंडावर अवश्य जावे, पण आधी डॉक्टरांस दाखवावे.

बऱ्या झालेल्या मुलामुलींची नावे मंडळाच्या वधूवर-नोंदवहीत इतरांच्या बरोबरीने लिहिली जावीत, एवढी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवून आम्ही खाली बसतो.