माळ्यावरचा टीव्ही आणि गटाचा हिशेब

भांडी घासायची राहिली असतील तर घासत घासत ऐका, हात थांबवू नका.

आज मी माळ्यावरच्या टीव्हीबद्दल बोलणार आहे. मागे कुबड असलेला, दोघींनी उचलावा लागणारा, पिक्चर ट्यूबचा टीव्ही. भिंतीवरचा चपटा टीव्ही आला आणि याला गोणपाटाखाली जागा मिळाली. आमच्याकडेही तसंच होतं. भंगारवाला दीडशे रुपये देत होता. मी देणारच होते, पण सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मावशी, चालू आहे ना? मग थांब. गटाच्या मीटिंगला कामाला येईल."

आमच्या गटाचं दुखणं आधी सांगते. मी गटाची सचिव. वही माझ्या हातात, पेन माझ्या हातात. मी वाचून दाखवायची, बायका मान डोलवायच्या आणि अंगठा किंवा सही करून उठायच्या. वहीचं तोंड कायम माझ्याकडे. बाकीच्यांना दिसायचं ते फक्त वहीचं पुठ्ठं.

भाच्याकडे एटीएम कार्डाएवढा संगणक होता. नाव रास्पबेरी पाय. मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून २०१२ साली इंग्लंडमध्ये तो निघाला. त्याला पडदा नसतो, कळपाट नसतो. नुसता बोर्ड. पडदा आपण जोडायचा. ही रीत काही नवी नाही बरं का. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, त्याच सुमारास परदेशात घरोघरी छोटे संगणक आले. तेही घरातल्या टीव्हीलाच जोडायचे. बहुतेकांवर एका ओळीत फार तर चाळीस अक्षरं मावायची, पण त्यावर लोक हिशेब करायचे, मुलं शिकायची.

आता जोडायचं कसं? टीव्हीला पिवळं, पांढरं, लाल अशी तीन गोल सॉकेटं असतात, सेट टॉप बॉक्स लावतो ती. चित्र पिवळ्यातून जातं. त्या छोट्या बोर्डाला हेडफोनसारखं भोक असतं, त्यातूनच आवाज आणि चित्र दोन्ही बाहेर येतं. मात्र सगळ्या बोर्डांना ते भोक नसतं. पाच नंबरच्या बोर्डाला नाही. म्हणून घेण्याआधी विचारा. ज्या संगणकाला फक्त नव्या टीव्हीची चपटी एचडीएमआय वायर लागते, त्याच्यासाठी मधे लावायची छोटी डबी बाजारात मिळते. ती वायरीतलं चित्र पिवळ्या सॉकेटाजोगं करून देते.

आम्ही लावलं तेव्हा पडद्यावर काहीच आलं नाही. वायर चुकीची होती. त्या भोकाची वायर तीन काळ्या रेघांची लागते, आणि सगळ्या वायरींची आतली जोडणी सारखी नसते. भाच्याने पिवळ्या सॉकेटात लाल टोक घालून पाहिलं आणि चित्र आलं! पण काळं-पांढरं आणि वर सरकणारं. बोर्ड अमेरिकेच्या पद्धतीचं चित्र पाठवत होता. आपले टीव्ही पाल पद्धतीचे. सेटिंगमध्ये पाल केलं तसं चित्र रंगीत झालं आणि स्थिर राहिलं.

मग मराठी अक्षरं काढली. ती थरथरायला लागली. कारण ऐका. हा टीव्ही चित्र एका दमात काढत नाही. आधी एक आड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या ओळी. बारीक आडवी रेघ एकाच खेपेत येते, म्हणून ती लुकलुकते. आणि आपल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ! उपाय सोपा आहे: अक्षर ठळक घ्या, मोठं घ्या, आणि पांढऱ्याफेक पाटीऐवजी गडद निळी ठेवा. कडेचा मजकूर पडद्याबाहेर जातो, म्हणून चारी बाजूंनी समास सोडा. एका वेळी आठ-दहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका.

विजेचं म्हणाल तर एकवीस इंची टीव्ही आणि बोर्ड मिळून ऐंशी-नव्वद वॅट घेतात. दोन दोन तासांच्या सहा मीटिंगांना मिळून साधारण एक युनिट. मात्र रोज दिवसभर लावायचा असेल तर हा टीव्ही परवडत नाही, त्याला चपटाच बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भांडी बाजूला ठेवा आणि ऐका. टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढला तरी नाही. रंगीत टीव्हीच्या आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो आणि वीज बंद केल्यावरही ट्यूबमध्ये तो साठून राहू शकतो. ट्यूबच्या आत हवा नसते, म्हणून ती फुटली तर काचा अंगावर उडतात. त्या काचेत शिसं असतं. तांब्याच्या तारेच्या लोभाने कुणी अंगणात ट्यूब फोडत असेल, तर लेकरांना आधी तिथून उचला. चालू टीव्हीच वापरा. बंद पडला तर जाणत्या मेकॅनिककडे द्या, आणि दुरुस्त होत नसेल तर ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे. उकिरड्यावर टाकायचा नाही.

आता मीटिंगचं सांगते. पहिल्या महिन्यात मी गेल्या वेळचे हप्ते पडद्यावर लावले. नाव, बचत, कर्जाचा हप्ता, बाकी. पाच-पाच नावं एका वेळी. कोपऱ्यातल्या आजी कधी बोलत नाहीत. त्यांना अक्षर येत नाही, पण एसटीचा नंबर आणि कॅलेंडरची तारीख ओळखतात. त्या उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि बोट लावून म्हणाल्या, "ही ओळ माझी ना? मग माझे पाचशे कुठंयत?"

मी वही उघडली. त्यांचा हप्ता मी खालच्या ओळीत, शेजारणीच्या नावावर लिहिला होता. चूक माझी होती. मुद्दाम केलेली नव्हती, पण आजींच्या बाकीत पाचशे जास्त दिसत होते. मी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि त्यांच्यासमोरच दुरुस्ती केली. त्या रात्री मला झोप आली नाही. वही इतकी वर्षं माझ्याकडेच तोंड करून होती. आधी असं किती वेळा झालं असेल? दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघींनी मागची तीन वर्षं तपासली. आणखी दोन चुका निघाल्या, त्याही मिटवल्या.

मैत्रिणींनो, टीव्ही नसला तरी चालेल. फळा घ्या, भिंतीला कागद चिकटवा. पण हिशेबाचं तोंड सगळ्यांकडे करा. आणि माळ्यावर चालू टीव्ही असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा गोणपाट बाजूला करून बघा.

आमच्या आजी आता पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसतात.

येते. नमस्कार.